रॉसच्या कॉलबॅकमध्ये ‘इफ’ नक्की कुठे लावायचा

रोबोटचे प्रोग्रॅम एकमेकांशी जोडणारं रॉस नावाचं सॉफ्टवेअर शिकणाऱ्या पोरांचा एक प्रश्न ठरलेला असतो. टॉपिकवर मेसेज येतोय, टर्मिनलवर इको केलं तर आकडे धबाधबा पडतायत, ते ऐकणारा सबस्क्रायबर पण लावलाय, आता कॉलबॅकमध्ये, म्हणजे मेसेज आला की चालणाऱ्या फंक्शनमध्ये, "आकडा एवढ्यापेक्षा कमी असेल तर थांब, नाहीतर चाल" एवढंच लिहायचंय, मग ते धड चालत का नाही? इफ तर पहिल्याच सेमिस्टरला शिकून झालेला असतो. खरं सांगायचं तर इफ लिहिणं हा यातला सगळ्यात सोपा भाग. अवघड काय, तर प्रश्न कुठल्या क्रमाने विचारायचे, निर्णय कॉलबॅकमध्ये घ्यायचा की बाहेर, आणि मेसेज आलाच नाही तर काय करायचं. या शेवटच्या प्रश्नाकडे तर बहुतेक जण बघतच नाहीत.

उदाहरण आपल्याकडचंच घेऊ. रत्नागिरीला काजळी नदी भाट्याच्या खाडीतून समुद्राला मिळते. तिथे किंवा अशाच कुठल्याही खाडीत फिरवायला एक छोटी रोबोट होडी बनवलीय असं समजा. त्यावर रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर, खाली पाण्यात तोंड करून लावलेला इको साउंडर (आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणारा सेन्सर), एक जीपीएस, बॅटरी आणि दोन मोटरा. काम एवढंच की खाडीत फिरून खोली मोजायची आणि पाणी उथळ लागलं की थांबायचं, नाहीतर ओहोटीला होडी गाळात बसणार आणि कोणालातरी मांडीभर चिखलातून जाऊन ती ओढून आणावी लागणार.

रॉस म्हणजे रोबोट ऑपरेटिंग सिस्टीम, सुरुवात २००७ च्या सुमाराची, स्टॅनफर्डमधल्या कामातून आलेली आणि पुढे विलो गराज नावाच्या कंपनीत वाढलेली. नावात ऑपरेटिंग सिस्टीम असली तरी ती विंडोजसारखी काही नाही, उबुंटूवर बसणारं सॉफ्टवेअर आहे. रॉस वनचं शेवटचं व्हर्जन नोएटिक, त्याचा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला, त्यामुळे मी इथे रॉस टू धरूनच बोलतोय, आणि जिथे जुन्यात वेगळं आहे तिथे सांगेन.

यात प्रोग्रॅमचे छोटे छोटे तुकडे असतात, त्यांना नोड म्हणतात. एक नोड इको साउंडर वाचतो आणि खोली एका टॉपिकवर टाकत राहतो, तो पब्लिशर. ज्याला ती खोली हवीय तो नोड त्या टॉपिकला सबस्क्राईब करतो आणि रॉसकडे एक फंक्शन देऊन ठेवतो, की बाबा मेसेज आला की हे चालव. हाच कॉलबॅक. म्हणजे ते फंक्शन तुम्ही स्वतः कधी बोलवत नाही, रॉस बोलवतं, आणि मेसेज आला तरच बोलवतं. ट्रॉलरवरच्या तांडेलाचा वायरलेस आठवा, सेट दिवसभर चालू, सगळ्या बोटींची बडबड ऐकू येतेय, कोणाला बांगडा लागला, कोणाचं जाळं फाटलं, पण तांडेल काय प्रत्येक वाक्याला सुकाणू फिरवत नाही, कामाचं असेल तेवढं ध्यानात ठेवतो आणि बोट वळवायची तेव्हाच वळवतो. कॉलबॅक लिहिताना एवढं डोक्यात असलं तरी पुष्कळ.

आता सगळ्यात आधी दोन फालतू वाटणाऱ्या चुका, कारण अर्धे लोक तिथेच अडकलेले असतात. एक म्हणजे मेसेज हा ऑब्जेक्ट असतो, आकडा त्याच्या आतल्या फील्डमध्ये असतो. साध्या स्ट्रिंग मेसेजमध्ये ते फील्ड ‘डेटा’ नावाचं, रेंज मेसेजमध्ये ‘रेंज’ नावाचं. पायथॉनमध्ये पूर्ण मेसेजचीच तुलना "ऑटो" या शब्दाशी केली तर एररबिरर काही येत नाही, ती अट गपचूप कायम खोटी ठरते आणि पोरगं तासभर वायर तपासत बसतं. दुसरी, कॉलबॅकच्या आत ‘खोली’ नावाच्या व्हेरिएबलला किंमत दिली आणि बाहेर वाचली तर बाहेर जुनीच दिसते, कारण आतला तो त्या फंक्शनपुरता वेगळाच व्हेरिएबल झाला. क्लास बनवून सेल्फला लावून ठेवा, ग्लोबलच्या भानगडीत पडूच नका.

हे झालं की खरी गंमत सुरू होते. सरळ साधी अट काय लिहाल? खोली १ मीटरपेक्षा कमी असेल तर थांब, नाहीतर पुढे चल. वाचायला एकदम बरोबर. पण सेन्सर नेहमी आकडाच देतो असं नाही. रॉसमध्ये अंतर मोजणाऱ्या सेन्सरसाठी एक ठरलेली पद्धत आहे: पल्ल्यात काहीच सापडलं नाही तर प्लस इन्फिनिटी पाठवायचं, वस्तू मोजता येणार नाही इतकी जवळ असेल तर मायनस इन्फिनिटी, आणि वाचनच बिघडलं असेल तर नॅन, म्हणजे ‘हा आकडाच नाही’ असं सांगणारी खूण. आता आपली अट यांच्यावर चालवून बघा. मायनस इन्फिनिटी १ पेक्षा कमी, होडी थांबली, ठीक. प्लस इन्फिनिटी १ पेक्षा मोठी, म्हणजे पाणी अथांग आहे असं समजून होडी पुढे, खरंतर बुडबुड्यांनी किंवा शेवाळाने प्रतिध्वनीच परत आलेला नसतो. आणि नॅनची तर वेगळीच तऱ्हा, त्याच्याशी केलेली लहान-मोठ्याची कुठलीही तुलना खोटीच येते. नॅन १ पेक्षा कमी आहे का? नाही. जास्त आहे का? तेही नाही. मग अट खोटी, गाडी एल्समध्ये, म्हणजे ‘नाहीतर’च्या भागात, आणि एल्समध्ये आपण लिहिलंय "पुढे चल". सेन्सर सांगतोय मला काही दिसत नाही आणि होडी फुल स्पीडमध्ये गाळाकडे.

म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं की अट उलटी लिहा. "उथळ असेल तर थांब" असं लिहायचं नाही, "आकडा खरा आहे आणि १ मीटरपेक्षा जास्त आहे, तरच चाल, बाकी काहीही असलं तरी थांब" असं लिहायचं. कागदावर दोन्ही वाक्यं सारखीच वाटतात, फरक एल्सचा आहे. तुमच्या डोक्यात न आलेलं जे जे काय होऊ शकतं ते सगळं एल्समध्ये जाऊन पडतं, मग तिथे होडी थांबलेली बरी की पळत असलेली बरी ते तुम्हीच ठरवा. ड्रोनवाल्यांनी यावर थोडा वेगळा विचार करावा लागेल कारण हवेत नुसतं "थांब" म्हणजे खाली पडणं, पण होडीला आणि चाकाच्या रोबोटला हे बिनधास्त लागू.

शिवाय रेंज मेसेजमध्ये सेन्सरचा कमीत कमी आणि जास्तीत जास्त पल्ला पण लिहिलेला येतो, आणि त्याच्या बाहेरचं वाचन टाकून द्यायचं असा नियम आहे. लोक ती दोन फील्डं वाचतच नाहीत! सेन्सर ३० सेंटिमीटरच्या आतलं मोजूच शकत नसेल आणि आकडा १२ सेंटिमीटर आला, तर ती खोली नाही, तो कचरा आहे. काही इको साउंडर वाचनाबरोबर ‘मला किती खात्री आहे’ ते पण टक्क्यात देतात, ते मिळत असेल तर जरूर वापरा.

कॉलबॅकच्या आतली तपासणी मग कशी दिसते ते मराठीतच लिहितो, कोड तुम्ही लिहालच:

खोलीचा मेसेज आला की
आकडा नॅन किंवा इन्फिनिटी असेल तर परत फिर
आकडा सेन्सरच्या पल्ल्याबाहेर असेल तर परत फिर
मेसेज अर्ध्या सेकंदापेक्षा जुना असेल तर परत फिर
इथपर्यंत पोचलास तर आकडा लिहून ठेव, वेळ पण लिहून ठेव

एकात एक चार इफ घुसवायचे नाहीत, नको असलेलं वरच्या वर परत पाठवायचं. असं लिहिलं की महिन्याभराने वाचताना पण कळतं. आणि प्रत्येक "परत फिर"च्या आधी एक लॉगची ओळ टाका, पण ती थ्रॉटल केलेली, म्हणजे दोन सेकंदांतून एकदाच छापणारी, नाहीतर १० हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला १० वेळा, ‘नॅन आला नॅन आला’ करत स्क्रीन भरून जाईल आणि कामाची ओळ त्यातच बुडेल. रॉस टूच्या लॉगरमध्ये ही सोय आयती आहे.

मेसेजचं वय हा वेगळाच डोकेदुखीचा विषय. हेडरमध्ये टाइमस्टॅम्प असतो, आताच्या वेळेतून तो वजा केला की वय. सोपं वाटतं ना? पण रास्पबेरी पाय ४ वर आणि त्याच्या आधीच्या बोर्डांवर स्वतःचं बॅटरीवालं घड्याळ नसतं, इंटरनेट मिळालं की तो वेळ जुळवून घेतो. जेटीवर कसलं आलंय इंटरनेट, रेंज आली तर आली. मग पायचं घड्याळ मागे, किनाऱ्यावरच्या लॅपटॉपचं बरोबर, आणि लॅपटॉपवर चालणाऱ्या नोडला प्रत्येक मेसेज कालचा वाटतो आणि तो सगळेच फेकून देतो. दोन्ही नोड एकाच बोर्डावर असतील तर हा त्रास नाही, घड्याळ चुकीचं असलं तरी दोघांचं सारखंच चुकीचं. वेगवेगळ्या मशीनवर असतील तर क्रॉनी (घड्याळं जुळवणारा प्रोग्रॅम) लावून पायला लॅपटॉपकडून वेळ घ्यायला सांगा, किंवा जीपीएसची वेळ घ्या, तीही चालते. तेही जमत नसेल तर निदान मेसेज आपल्याकडे पोचला कधी ती वेळ नोंदवा, पूर्ण खरं वय नाही कळणार पण सेन्सर गप्प झाला की कळेल.

आता आकडा खरा आहे, ताजा आहे, तरी होडी थांबते-चालते-थांबते-चालते अशी झटके का खाते? कारण खाडीत लाटा आहेत. खोली ०.९८, मग १.०२, मग ०.९९. अट आपलं काम चोख करतेय, मोटर मात्र सेकंदाच्या दर दहाव्या भागाला चालू-बंद होतेय. यावर दोन उपाय आहेत आणि मला दोन्ही एकत्र वापरायला आवडतात. एक, थांबायची आणि परत निघायची रेषा वेगळी ठेवायची: १ मीटरच्या खाली गेलं की थांब, पण परत निघायला १.३ च्या वर जायला हवं, मधल्या भागात आहे तेच चालू दे. याला हिस्टेरेसिस म्हणतात, फ्रिजचा थर्मोस्टॅट याच तत्त्वावर चालतो. दुसरा, एका वाचनावर भरवसा ठेवायचा नाही, सलग ५ वाचनं तेच सांगत असतील तर मानायचं. पण फुकट काही मिळत नाही: १० हर्ट्झला ५ वाचनं म्हणजे अर्धा सेकंद, आणि होडी सेकंदाला १ मीटर जात असेल तर तेवढ्यात अर्धा मीटर पुढे गेलेली असते. म्हणून निघायला ५ आणि थांबायला २ असं वेगळं ठेवलं तरी चालतं, थांबायला घाई बरी.

हे १ मीटर, १.३, ५, २ असले आकडे कोडमध्ये कोरून ठेवू नका, पॅरामीटर करा. होडीवर एक बॅटरी जास्त चढवली की ती पाण्यात आणखी बसते, मग परत १ मीटरचा हिशोब बदलतो, त्यासाठी जेटीवर उन्हात बसून कोड उघडायचा का? नोड चालू करणाऱ्या लाँच फाइलमध्ये बदला, निघा. भरती-ओहोटीसाठी मात्र हा आकडा बदलायची गरज नाही, कारण सेन्सर त्या क्षणाला होडीखाली असलेलं पाणीच मोजतोय. भरतीचा हिशोब लागतो तो नकाशा काढताना, सकाळी मोजलेली खोली आणि दुपारी मोजलेली खोली एका कागदावर मांडायची असते तेव्हा. तसंच पावसानंतर नदीचं गोडं पाणी आलं की आवाजाचा पाण्यातला वेग बदलतो, २५ अंशाला गोड्या पाण्यात साधारण सेकंदाला १,४९७ मीटर तर समुद्राच्या पाण्यात १,५३० च्या वर, म्हणजे ४ मीटर खोलीत १० सेंटिमीटरच्या आसपास फरक. पण ते कॅलिब्रेशनचं काम झालं, ते इफमध्ये कोंबू नका.

इफवरून आठवलं, काही जण इफच्या जागी व्हाईल लावतात, आणि ही चूक फार सुंदर आहे, कारण वाचायला ती इफपेक्षा जास्त शहाणी वाटते. कॉलबॅकच्या आत लिहितात: जोपर्यंत खोली १ पेक्षा कमी आहे तोपर्यंत मागे जात राहा. होडी मागे जायला लागते आणि थेट पलीकडच्या काठाला जाऊन आपटते. का? रॉस टूचा साधा एक्झिक्युटर, म्हणजे कॉलबॅक चालवणारा भाग, एकावेळी एकच कॉलबॅक चालवतो. तुम्ही व्हाईलमध्ये बसून ज्या आकड्याच्या बदलण्याची वाट बघताय, तो आकडा पुढच्या मेसेजच्या कॉलबॅकमध्ये बदलणार आहे, आणि तो पुढचा कॉलबॅक तुमचा व्हाईल संपायची वाट बघतोय. दोघेही एकमेकांसाठी थांबलेत. कॉलबॅकमध्ये स्लीप लावणं हे त्याचंच धाकटं भावंड, दोन सेकंद झोपलात की त्या नोडचे बाकीचे सगळे कॉलबॅक आणि टायमर पण दोन सेकंद झोपले. आणि कॉलबॅकमधून सर्व्हिसला (विचारलं की उत्तर देणाऱ्या दुसऱ्या नोडला) हाक मारून तिथेच उत्तराची वाट बघितली तर एका थ्रेडवर नोड कायमचा गोठतो, तिथे असिंक्रोनस, म्हणजे उत्तरासाठी अडून न बसणारा, कॉल वापरायचा.

यावर "मल्टिथ्रेडेड एक्झिक्युटर लाव की" असं कोणीतरी सांगतंच. लावा, पण रॉस टूमध्ये डिफॉल्ट कॉलबॅक ग्रुप एकावेळी एकच चालू देणारा असतो, त्यामुळे नुसता एक्झिक्युटर बदलून फरक पडत नाही, ग्रुपही वेगळे करावे लागतात, आणि तसं केलं की दोन कॉलबॅक एकाच व्हेरिएबलवर एकदम हात मारू शकतात, मग एकावेळी एकालाच हात लावू देणारं लॉक आलं. रॉस वनच्या पायथॉनमध्ये तर वेगवेगळ्या टॉपिकचे कॉलबॅक वेगळ्या थ्रेडवर चालतातच, तिथे लॉक पहिल्यापासून हवं. माझं मत विचाराल तर छोट्या होडीला एक थ्रेड पुरतो, कॉलबॅक छोटे ठेवा म्हणजे झालं.

छोटे म्हणजे किती? एवढेच की आलेलं तपासायचं, चांगलं असेल तर लिहून ठेवायचं, आणि बाहेर पडायचं. मोटरला कमांड कॉलबॅकमधून द्यायचीच नाही. निर्णयासाठी एक वेगळा टायमर ठेवा, सेकंदाला १० वेळा चालणारा, जो शेवटची खोली, शेवटचं जीपीएस, बॅटरी, मोड असं सगळं एकत्र बघेल आणि वेगाची कमांड पाठवेल. यामुळे दोन गोष्टी होतात. खोलीच्या कॉलबॅकने "थांब" म्हटलं आणि लगेच जीपीएसच्या कॉलबॅकने "पुढच्या पॉइंटला चल" म्हटलं अशी मारामारी होत नाही, कमांड एकाच जागेवरून जाते. आणि दुसरी, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: कॉलबॅकला शांतता ऐकू येत नाही.

हे नीट बघा. इको साउंडरची वायर खाऱ्या हवेने गंजली आणि तुटली. मेसेज यायचे थांबले. तुमचा कॉलबॅक कितीही हुशार लिहिलेला असू दे, नॅन बघणारा, वय बघणारा, सगळं असू दे, तो चालणारच नाही, कारण तो चालतो मेसेज आला तर. शेवटची नोंद झालेली खोली ३.२ मीटर, ती तशीच राहणार, आणि होडी ३.२ मीटर पाणी आहे अशा खुशीत गाळावर चढणार. "मेसेज आला नाही" ही अट कॉलबॅकमध्ये लिहिताच येत नाही, कुठल्याच भाषेत. ती टायमरमध्येच लिहावी लागते: शेवटची चांगली नोंद कधीची? अर्ध्या सेकंदापेक्षा जुनी असेल तर वेग शून्य. म्हणूनच वर कॉलबॅकमध्ये आकड्याबरोबर वेळ पण लिहून ठेव म्हटलं. रॉस टूमध्ये क्यूओएसमध्ये (क्वालिटी ऑफ सर्व्हिस, म्हणजे मेसेज कसे पोचवायचे याच्या सेटिंग्ज) डेडलाइन नावाची पण एक सेटिंग आहे, ठरल्या वेळेत मेसेज आला नाही तर वेगळा इव्हेंट येतो, पण साधा टायमर समजायला सोपा आणि डीबग करायलाही. आणि हीच अट मोटर चालवणाऱ्या नोडमध्ये पण टाका, कारण निर्णय घेणारा नोडच क्रॅश झाला तर वेगाची शेवटची कमांड मोटरमध्ये तशीच अडकून बसते.

सुरुवातीची शांतता पण यातच आली. नोड चालू झाला, अजून एकही मेसेज आलेला नाही, खोली काय? शून्य ठेवू नका, ९९९ तर मुळीच ठेवू नका, नन (पायथॉनमधलं ‘अजून काहीच नाही’, वरचं नॅन नव्हे) ठेवा, आणि नन असेल तर हलायचं नाही. मोडच्या टॉपिकला हा प्रकार हमखास होतो: कोणीतरी चालू होतानाच एकदा "ऑटो" पाठवतं आणि तुमचा नोड दोन सेकंद उशिरा उठतो, तो मेसेज हुकला तो हुकला. पब्लिशर आणि सबस्क्रायबर दोन्हीकडे ड्युरॅबिलिटी ट्रान्झियंट लोकल केली की उशिरा आलेल्यालाही शेवटचा मेसेज मिळतो, रॉस वनमध्ये यालाच लॅच म्हणायचे. क्यूओएसची आणखी एक खोड, पब्लिशर बेस्ट एफर्ट आणि सबस्क्रायबर रिलायबल असेल तर जुळतच नाही, एकही मेसेज येत नाही, आणि डिफॉल्ट सबस्क्रायबर रिलायबलच असतो. सेन्सरचे बरेच ड्रायव्हर बेस्ट एफर्टवर पाठवतात. इफ तपासत बसायच्या आधी हे बघून घ्या.

रांगेबद्दल थोडंसं. डिफॉल्टला शेवटचे १० मेसेज रांगेत राहतात. कॉलबॅकला प्रत्येक मेसेजला २०० मिलिसेकंद लागत असतील आणि मेसेज सेकंदाला १० येत असतील, तर रांग कायम भरलेली आणि तुम्ही कायम साधारण १ सेकंद जुनं पाणी बघताय. होडी तेवढ्यात १ मीटर पुढे. थांबायच्या निर्णयासाठी ताजंच हवं असेल तर डेप्थ (रांगेची लांबी) १ करा. नकाशासाठी प्रत्येक वाचन हवं असेल तर तो वेगळा सबस्क्रायबर, वेगळा नोड, मोठी रांग.

बाकी सेन्सरच्या दोन खाचाखोचा पटकन सांगतो. जीपीएसच्या मेसेजमध्ये स्टेटस असतं, उणे १ म्हणजे फिक्स नाही (जागा सापडलेली नाही), ० आणि वर म्हणजे आहे. स्टेटस न बघता अक्षांश-रेखांश घेतले आणि ड्रायव्हरने फिक्स नसताना शून्य-शून्य पाठवलं, तर ती जागा आफ्रिकेजवळ गिनीच्या आखातात आहे, होडी बिचारी तिकडे तोंड करून निघायला बघेल. त्यामुळे स्टेटस तर बघाच, वर एक ढोबळ कुंपण पण घाला, रत्नागिरीत अक्षांश १७ च्या आसपास आणि रेखांश ७३.३ च्या आसपास नसेल तर तो मेसेज आपला नाही. आणि बॅटरीच्या मेसेजमध्ये ‘पर्सेंटेज’ हे नाव फसवं आहे, ते ० ते १ मध्ये असतं, १०० मध्ये नाही. "२० पेक्षा कमी असेल तर घरी ये" अशी अट लिहिली की होडी फुल चार्ज असतानाही जेटी सोडत नाही. मोजलेलंच नसेल तर तिथे पण नॅन, मग व्होल्टेज बघा, पण मोटर एकदम चालू झाली की व्होल्टेज क्षणभर खाली बसतं, तिथे परत ते सलग काही वाचनांचं गणित लावायचं.

हंबल या २०२२ च्या व्हर्जनपासून रॉस टूमध्ये अट सबस्क्रायबरलाच चिकटवायची सोय पण आलीय, कंटेंट फिल्टर्ड टॉपिक म्हणतात, "खोली १.५ पेक्षा कमी असेल तरच मला पाठव" असं सांगता येतं आणि बाकीच्या मेसेजसाठी कॉलबॅक उठतच नाही. कॅमेऱ्यासारख्या किंवा वायफायवरून येणाऱ्या जड टॉपिकला बरं आहे. सगळ्या डीडीएसवर (रॉस टूच्या खाली मेसेज पोचवणारं सॉफ्टवेअर) चालत नाही, ते तपासून घ्या. पण थांबायच्या निर्णयासाठी मी ते वापरणार नाही, कारण मग मेसेज येत नाही म्हणजे पाणी खोल आहे की वायर तुटलीय ते टायमरला कळायचं कसं?

हे सगळं खाडीत जाऊन तपासायचं म्हटलं तर आपल्याकडे वर्षातले पावसाचे चार महिने गेलेच. जून-जुलैमध्ये यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, खाडीला पुराचं लाल पाणी, तिथे कोण होडी सोडतंय. म्हणून मे महिन्यातच दोन-चार फेऱ्या बॅगमध्ये (मेसेज जसेच्या तसे साठवणारी रॉसची फाइल) रेकॉर्ड करून ठेवा आणि पावसात घरी बसून, लाइट असेल तेव्हा, तीच बॅग चालवून कोड सुधारत बसा. एक मात्र लक्षात ठेवा, बॅगमधले टाइमस्टॅम्प मे महिन्यातले असतात, त्यामुळे वयाची तपासणी सगळे मेसेज जुने म्हणून फेकून देईल आणि वाटेल कोड बिघडला. बॅग चालवताना क्लॉकचा पर्याय द्या आणि नोडला यूज सिम टाइम खरं करा, मग नोड बॅगच्याच घड्याळावर चालतो आणि वय बरोबर निघतं.

बॅगमध्ये चांगली वाचनं भरपूर असतात, वाईट फारशी नसतात, ती आपणच बनवायची. टर्मिनलवरून हाताने मेसेज पाठवता येतो, पण तिथे मुद्दाम वेळ घातली नाही तर हेडरची वेळ शून्य जाते आणि तो मेसेज वयाच्या तपासणीतच अडकतो, त्यापेक्षा आताची वेळ घालून पाठवणारा दहा-पंधरा ओळींचा छोटा पब्लिशर लिहिलेला बरा. त्यातून आधी दोन मीटर, मग ०.९८ आणि १.०२ आलटून पालटून, मग प्लस इन्फिनिटी, मग पल्ल्याबाहेरचा आकडा पाठवा आणि शेजारच्या खिडकीत वेगाची कमांड इको करून ठेवा. मग कंट्रोल सी दाबून पब्लिशर एकदम बंद करा, कमांड अर्ध्या सेकंदात शून्य झाली पाहिजे. शेवटी परत चालू करून नुसते नॅन पाठवत राहा. तेव्हा वेग शून्यच राहिला नाही, तर एल्स उघडून बघा, तिथे अजून "पुढे चल" लिहिलेलं सापडेल.